सूर्यास्ताआधीचा अलार्म

आमच्या घरी चोरी कधीच झाली नाही. तरीही त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी समोरच्या खोत वहिनी रिकामी वाटी घेऊन धावत यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "पद्मा, वाटीभर साखर आहे का गं?" धाप लागलेली, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात खोतांची. त्यांच्यामागे खोत स्वतः, हात पाठीमागे लपवून. त्या हातात क्रिकेटची बॅट असायची.

हे साखरेचं नाटक ठरवलं होतं आमच्याच ह्यांनी. आमचे हे, म्हणजे जयकुमार मगदूम. कुपवाडला ह्यांची पंपाचे सुटे भाग ओतायची फौंड्री आहे आणि आमच्या सांगलीतल्या बंगल्यांच्या सोसायटीचे हे अध्यक्ष. सोसायटीत लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या आणि ह्यांनी विषय हातात घेतला. एकदा ह्यांनी विषय हातात घेतला, की तो विषय सुटका होईपर्यंत बिचारा घाम गाळतो.

पहिली चोरी उपाध्यांकडे. त्यांच्याकडे बिनतारी अलार्म होता, दारंखिडक्यांना सेन्सर होते, सगळं होतं. चोरांनी जेवणाच्या डब्यात जॅमर आणला आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. आत सेन्सर बोंबलत राहिले, पण त्या गोंगाटात त्यांची हाक कुणाला पोचलीच नाही. दुसरी चोरी शेडबाळे काकूंकडे, भर दुपारी. तिथे चोरांनी यंत्राला हातही लावला नाही. काकूंच्या मानेला सुरा लावला आणि काकूंच्याच बोटांनी अलार्म बंद करून घेतला. वर कंपनीच्या फोनवर "सगळं ठीक आहे" असं काकूंच्याच तोंडून वदवून घेतलं. काकू त्यानंतर घरात एकट्या बसत नाहीत. सुनेबरोबर भाजी आणायलाही जातात, पण एकट्या बसत नाहीत.

म्हणून नवीन यंत्र आलं. कणकेच्या डब्याएवढी पांढरी डबी, भिंतीवर बसवायची. तिचं काम कसं चालतं ते मी सांगते. मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. हे आता कुणाच्या लक्षात नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जुन्या अलार्ममधले सेन्सर दार उघडलं तरच बोलायचे. ते गप्प असले की यंत्र समजायचं, सगळं आलबेल. चोरांनी नेमका ह्याचाच फायदा घेतला. नव्या डबीला शांततेचाच संशय येतो. घरातला प्रत्येक सेन्सर अधूनमधून डबीला हजेरी देतो, "मी आहे, मी आहे." ती कधी द्यायची आणि कुठल्या लहरीवर द्यायची हे फक्त त्या दोघांना ठाऊक. लहर दर वेळी बदलते, त्यामुळे जॅमरने एक वाट अडवली तरी हजेरी दुसरीने येते. सगळ्याच वाटा बंद झाल्या, हजेरी चुकली, तर डबी धरून चालते की चोर आला. डबी कुणी उघडली, भिंतीवरून उपटली, तरी शेजारच्या चार घरांतल्या डब्या तिचा निरोप पुढे नेतात. एकूण काय, यंत्राला गप्प बसवणं जवळजवळ अशक्य.

राहिला माणूस. माणसाच्या मानेला सुरा लावला की तो स्वतःच अलार्म बंद करतो. त्यासाठी डबी श्वास वाचते. तिच्या लहरी घरभर फिरतात, भिंतींवर, भांड्यांवर, आपल्या अंगावर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती किंचित पुढे येते, तेवढ्यानेही परतणारी लहर बदलते. हृदयाच्या ठोक्याने त्याहून बारीक बदलते. बसवल्यावर पहिला पंधरवडा डबी नुसती शिकते, ह्या घरातल्या माणसाचा नेहमीचा श्वास कसा असतो, जिना चढल्यावर कसा, झोपेत कसा, हसताना कसा. भीतीचा श्वास वेगळा असतो. तो छातीत वरच्या वर अडकतो, मधेच थांबतो, आणि माणूस जागचा हललेला नसताना ठोके वाढतात. असा श्वास दिसला की डबी आवाज करत नाही, कारण आवाजाने सुरावाला बिथरेल. ती गुपचूप चार शेजाऱ्यांच्या फोनवर लिहिते, "मगदूम यांच्या घरी कोणीतरी दबावाखाली असण्याची शक्यता."

मग शेजाऱ्यांनी काय करायचं? आरडाओरडा करायचा नाही. वाटी घेऊन जायचं आणि साखर मागायची. चोराला वाटेल शेजारीण आलीय. एवढ्यात बाकीचे पोलिसांना बोलावतील. सोसायटीच्या बैठकीत ह्यांनी हे सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. ह्यांची हुशारी नाकारण्यात अर्थ नाही.

डबी बसवली तेव्हा हे स्वतः चोर झाले. बाथरूमच्या खिडकीतून शिरले, सेन्सर उपटले, फौंड्रीतल्या पोरांकडून एक जॅमर बनवून घेतला तो लावून बघितला, मेन स्विच पाडला. दर वेळी चारही घरांत फोन वाजले. एवढं खूश झालेलं मी ह्यांना मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "आता ब्रह्मदेव आला तरी हिला फसवू शकत नाही," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पंपांच्या प्रदर्शनासाठी कोइमतूरला गेले. तिथून पुढे गिऱ्हाइकांकडे. चांगला पंधरवडाभर.

डबीचा शिकण्याचा पंधरवडाही नेमका तोच.

त्या पंधरवड्यात घरात मी एकटी होते. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली. मी पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. दुपारी गाणी लावली आणि बरोबरीने म्हटली. भूक लागली तेव्हा जेवले, आणि एकदा नुसतं दहीपोह्यांवर भागवलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज वेगळाच येतोय गं." मी म्हटलं, फोन नवीन आहे. फोन जुनाच होता.

डबीने त्या बाईला ओळखून घेतलं.

हे परत आले त्या दिवसाचं सांगण्याआधी आमच्या जेवणाबद्दल सांगायला हवं. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा घरचा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. माहेरी आम्ही सगळे एका पंगतीत बसून उजेडी जेवायचो आणि मग अंगणात गप्पा मारायचो. सासरी आले तेव्हा त्या नियमाला एक काटा जोडलेला मिळाला. हे फौंड्रीतून येणार तेव्हा भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. हाताचीच, भाकरीच्या यंत्रातली नको. हे लवकर आले तर थांबायला नको, उशिरा आले तर गार नको. यायची वेळ ठरलेली नाही. सूर्याची मात्र ठरलेली.

आणि जमलं नाही तर? तर काही नाही. आमचे हे हात उगारणाऱ्यांतले नव्हेत. गावात विचारा, मगदूम म्हणजे देवमाणूस. ह्यांचा आवाज तेवढा चढतो. "दिवसभर काय करत होतीस?" एवढं एकच वाक्य, पण ते खोतांच्या टाकीपर्यंत पोचतं. मग हे ताट सरकवतात आणि उठतात. सूर्य गेलेला असतो, त्यामुळे सकाळपर्यंत उपाशी. पाणीही नाही. रात्रभर शेजारी उपाशी माणूस कूस बदलत असतो आणि तो माझ्यामुळे उपाशी असतो. सकाळी हे बोलत नाहीत. कधी कधी आठवडाभर बोलत नाहीत. ह्यांना वाढून होईपर्यंत सूर्य मावळलेला असायचा, त्यामुळे मीही कित्येकदा तशीच झोपायची. पण ते कुणी मोजायचं नाही. मीही नाही.

पूर्वी पेट्रोलच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून यायचा, तेवढ्यात तवा तापायचा. आता विजेची गाडी आली, ती मुळीच वाजत नाही. त्यामुळे मी खिडकीतून खोतांच्या टाकीकडे बघत बसायची. टाकीवरचं ऊन वर सरकत जातं. ते टाकीच्या झाकणाला लागलं की समजायचं, आता फार वेळ नाही.

तर हे कोइमतूरहून आले. बॅग ठेवली, पाय धुतले. मी तव्यापाशी. ऊन झाकणाला लागलेलं. "झालं का?" ह्यांनी बाहेरून विचारलं. साधंच विचारलं. आणि पहिली भाकरी ताटात पडायच्या आत दारात खोत वहिनी, हातात वाटी. मागे बॅट.

हे हसले. म्हणाले, "बघा, केवढी तत्पर यंत्रणा! काहीतरी चुकून झालं असेल." खोत वहिनींना मी खरोखरच साखर दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी हसू संपलं.

ह्यांनी डबीची बॅटरी बदलली. जागा बदलली. स्वयंपाकघरातला मोठा पितळी हंडा हलवला, त्यावरून लहरी उलटत असतील म्हणून. मग ह्यांच्या लक्षात आलं की डबीचा निरोप रोज आदल्या दिवसापेक्षा किंचित आधी जातोय. दिवस लहान होत होते ना. हे ओरडलेच, "सापडलं! सूर्य आहे ह्याच्या मागे!" खोतांच्या गच्चीवर सौर पत्रे आहेत. ऊन उतरलं की त्यांचा इन्व्हर्टर कमीजास्त होतो आणि त्याची खरखर हवेत पसरते, असा ह्यांचा सिद्धांत. सिद्धांत वाईट नव्हता. मी परीक्षक असते तर अर्धे गुण दिले असते.

झालं, हे खोतांच्या गच्चीवर. त्यांचा इन्व्हर्टर दिवसरात्र बंद ठेवायला लावला, म्हणजे त्यांचा गिझरही बंद. तरी निरोप गेलाच. मग पलीकडच्या उपाध्यांचा. तरी गेला. खोत तसा शांत माणूस, पण चार दिवस गार पाण्याने अंघोळ करून त्याचंही डोकं फिरलं. म्हणाला, "मगदूम, सूर्यच बंद करून बघा की एकदा!"

मी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि बाहेर येत नव्हते. कारण मला कळलं होतं. मधे हे एका लग्नाला इचलकरंजीला गेले आणि तिथेच राहिले. त्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच मावळला. इन्व्हर्टर चालू होते, हंडा जागेवर होता, आणि डबी चूप बसली. मी तव्यासमोर उभी राहून मनगटावर बोटं ठेवली. नाडी शांत. सूर्याचा काही संबंध नव्हता.

मला आधी हसूच आलं. मी आणि ह्यांना घाबरते? मला वाटायचं ही घाई आहे, संसार म्हटला की घाई असतेच. इतकी वर्षं रोज संध्याकाळी छातीत जे व्हायचं त्याला मी घाईच म्हणत होते. आता चार शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचं खरं नाव रोज छापून येत होतं. मला फार लाज वाटली. ह्यांची नाही, माझीच.

मग मी डबीला फसवायच्या मागे लागले. ह्यांच्या ब्रह्मदेवालाही जमलं नसतं ते मी करायला निघाले. योगाचे व्हिडिओ बघून लांब श्वास घ्यायला शिकले. भाकरी थापताना मनात आकडे मोजले. संध्याकाळी मुद्दाम कुकर लावला, वाफेने लहरी गोंधळतील म्हणून. एकदा मी दारापासून लांब, मागच्या मोरीत जाऊन उभी राहिले. सगळं फुकट. भीती वाटू नये म्हणून धडपडले की ती आणखी वाटायची. शेवटी मी ह्यांच्यापेक्षा त्या डबीलाच जास्त घाबरायला लागले.

एका संध्याकाळी खोत वहिनी एकट्याच आल्या. वाटी नेहमीची. मी साखर भरली तेव्हा त्यांनी वाटी घेतली नाही. आत हे टीव्हीसमोर जेवत होते, तिकडे नजर टाकून हळूच म्हणाल्या, "पद्मा, खरंच यंत्र बिघडलंय ना गं?"

"हो की वहिनी. सौर पत्र्यांमुळे."

"आमचा इन्व्हर्टर तर चार दिवस बंदच आहे." त्यांनी वाटी घेतली, पण जाता जाता माझ्या दंडाला हात लावून गेल्या. मला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि धरूनही ठेवावासा वाटला.

पुढच्या बैठकीत गाऱ्हाणं आलंच. रोज खोटी हाक येते, मग खऱ्या वेळी कोण धावणार? मगदूमांचं घर डब्यांच्या साखळीतून काढा, असं उपाध्ये म्हणाले. ज्यांनी साखळी बांधली त्यांचंच घर बाहेर! हे घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. कंपनीला फोन लावला आणि असा काही आवाज लावला की दुसऱ्या दिवशी दुपारीच मिरजेहून माणूस आला.

सलीम मुजावर. पन्नाशीचा, गोलसर, बोलका. कंपनीत येण्याआधी रेडिओ स्टेशनवर इंजिनिअर होता. त्याने दुपारभर घर तपासलं. सेन्सर ठीक, हजेरी ठीक, हंडा निर्दोष. "वहिनी, यंत्र ठणठणीत आहे. संध्याकाळपर्यंत थांबतो, बघू तरी काय होतंय," असं म्हणून त्याने डबीचा दिवा चालू केला. एरवी तो बंद असतो, चोराला दिसू नये म्हणून. हिरवा म्हणजे श्वास ओळखीचा, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे दबाव. मी चहा केला, त्याच्या दोन मुलींच्या शाळेच्या गप्पा झाल्या. दिवा हिरवागार.

ऊन टाकीवर आलं. दिवा पिवळा झाला. मुजावर खिडकीपाशी गेला, बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पीठ मळत होते. बाहेर फाटक वाजलं आणि दिवा लाल झाला. हे अजून दारातही आले नव्हते.

मुजावरने आपल्या टॅबवर डबीची नोंद बघितली आणि टॅब पालथा ठेवला. मी त्याच्याजवळ जाऊन पुटपुटले, "आज नका सांगू काही. उद्या सांगा, सूर्यामुळे होतंय म्हणून."

"वहिनी, शिकायच्या पंधरवड्यात साहेब घरी नव्हते का?"

"नव्हते."

त्याने मान हलवली. तेवढ्यात हे आत आले. "काय मुजावर, सापडला का बिघाड?"

"बिघाड नाही साहेब," तो अडखळत म्हणाला. "डबीची ओळखच जरा... म्हणजे तिने वहिनींचा श्वास तुम्ही नसताना शिकून घेतला. आता घरात दोन माणसं, त्यामुळे गोंधळते."

"मग पुन्हा शिकवा की! मी घरात असताना शिकवा. एवढ्या साध्या गोष्टीला महिना घालवलात होय?"

"शिकवता येईल. पण..." मुजावरने माझ्याकडे बघितलं. "पण मग तिला हाच श्वास नेहमीचा वाटेल. उद्या खरंच कोणी सुरा घेऊन आलं, तर डबी म्हणेल, बाईंचं हे रोजचंच आहे. ती कुणाला कळवणार नाही."

त्याने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की ह्यांना त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. मला आलं. शेडबाळे काकू माझ्या डोळ्यांसमोर आल्या. भीतीचा श्वासच माझा नेहमीचा श्वास म्हणून भिंतीवर बसणार होता, कायमचा. मला "नाही" म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. पण ऊन झाकणाला लागलं होतं, तव्यावर भाकरी होती आणि हे भुकेले होते.

"करा, करून टाका," हे म्हणाले.

"वहिनींची संमती लागते. ज्याचा श्वास, त्याची संमती. डबीसमोर उभं राहून बोलायचं."

"बोल गं."

मी पिठाचे हात पुसत डबीसमोर गेले. "मला बदल मान्य आहे," मी म्हटलं.

डबीतून बाईचा गोड आवाज आला. "क्षमस्व. संमती स्वीकारता येत नाही. बोलणारी व्यक्ती दबावाखाली असण्याची शक्यता आहे."

"पुन्हा बोल. स्पष्ट."

"मला बदल मान्य आहे."

"क्षमस्व. संमती स्वीकारता येत नाही."

"अगं, नीट बोल की जरा! दिवसभर काय करत होतीस?" त्या वाक्याचा इथे काही संबंध नव्हता. सवयीने आलं. आवाज खोतांच्या टाकीपर्यंत गेला, आणि डबी तेच गोड आवाजात तिसऱ्यांदा बोलली, मी तोंड उघडायच्याही आधी.

तव्यावर भाकरी करपल्याचा वास सुटला. दारात खोत वहिनी उभ्या होत्या, हातात वाटी. त्यांनी ह्या वेळी साखर मागितलीच नाही. मुजावरने आपली पिशवी उचलली आणि "चला ताई, आपण जरा बाहेर थांबू," असं म्हणत त्यांना घेऊन गेला. 

हे दिव्याकडे बघत होते. आमचे हे माणसाचं ऐकत नाहीत, पण काट्याचं ऐकतात. फौंड्रीतल्या भट्टीचा काटा जे दाखवेल ते ह्यांच्यासाठी खरं, मग कारागीर काहीही म्हणो.

"पद्मा, तू मला घाबरतेस?"

"नाही हो. काहीतरीच काय!"

दिवा लाल होता, तो आता उघडझाप करायला लागला.

ह्यांनी माझ्याकडे एक पाऊल टाकलं. दिवा भराभर उघडझाप करू लागला. हे मागे सरले. थोड्या वेळाने तो सावकाश झाला. हे पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले. ह्यांनी ही चाचणी तीनदा केली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला ह्यांचा चेहरा बघवत नव्हता, आणि तरी मी बघत होते. चोर होऊन खिडकीतून शिरताना जो माणूस खूश झाला होता, तो आता आपल्याच दिवाणखान्यात पुढे-मागे पावलं टाकत होता.

मग हे मागे मागे गेले, उंबरठ्यापर्यंत. उंबरठ्याबाहेर. आणि दार ओढून घेतलं.

मी गॅस बंद केला. करपलेली भाकरी काढली. काय करावं ते सुचेना. फोन वाजला. बाहेर पायरीवरून ह्यांचाच.

"दिवा कसा आहे?"

"लाल."

"बरं."

हे फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता. पुष्कळ वेळाने विचारलं, "आता?"

"पिवळा झाला."

"मी इथेच बसतो."

"अहो, ऊन चाललंय. ताट बाहेर आणून देऊ का?"

"नको. तू जेव आधी. तुझी वेळ चाललीय."

इतक्या वर्षांत माझीही वेळ असते हे ह्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं. मला रडू आलं, आणि रागही आला. एवढं कळायला तीन रंगांचा दिवा लागावा? मी फोन ओट्यावर ठेवला, तवा पुन्हा तापवला, एक भाकरी थापली. फक्त एक. ती तव्यावरून माझ्याच ताटात पडली. वर तूप, बाजूला पावट्याची उसळ. मी खाली बसून, उजेडात, गरम गरम जेवले. उसळीत मीठ किंचित जास्त होतं. रोजच जास्त पडत असणार, मला कधी कळलंच नव्हतं.

खिडकीतून बघितलं तर टाकीच्या झाकणावरचं ऊन गेलेलं होतं. सूर्य मावळला होता. हे बाहेर उपाशी बसले होते, सकाळपर्यंत आता पाणीही नाही. हे कळल्यावर दर वेळी जे छातीत होतं त्याची मी वाट बघत बसले. हात धुतले, तरी ते आलं नाही. डबीकडे बघितलं, दिवा हिरवा होता.

ओट्यावरच्या फोनमधून आवाज आला. "पद्मा? दिवा?"

मला अजून एक कप चहा प्यावासा वाटत होता, पण सूर्य गेला होता. मग निदान थोडा वेळ पाय पसरून नुसतं बसावंसं वाटलं, दार न उघडता.

"पिवळाच आहे अजून," मी म्हटलं.

"बरं. मी बसतो."

मी चक्क खोटं बोलले होते, आणि दिवा हिरवाच राहिला.